गुळाच्या भारोभार

गेल्या गुरुवारी, सकाळचा दुसरा चहा अद्याप यावयाचा होता अशा वेळी (दुसऱ्या चहापूर्वी मी कोणाशी वाद घालीत नाही, हे या सदराच्या वाचकांस ठाऊक आहे), आमचे शेजारी तात्या वर्तमानपत्राची घडी बगलेत मारून आले आणि बालकांच्या प्रकृतीचा प्रांतवार तक्ता माझ्यापुढे पसरून, क्रिकेटचा धावफलक वाचावा त्या उत्साहाने म्हणाले, "बिहारला आपण हरवलं!"

तक्ता नवा नव्हता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचेच ते आकडे. पाच वर्षांखालील मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले केरळात शेकडा २३.४, बिहारात ४२.९, मेघालयात ४६.५, देशाची सरासरी ३५.५ आणि आमचा महाराष्ट्र ३५.२, म्हणजे सरासरीच्या पाटाला पाट लावून बसलेला. शेजारच्या रकान्यात, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, सरळ मराठीत लुकडी, मुले मात्र देशात १९.३, बिहारात २२.९ आणि आमच्याकडे २५.६; त्याआधीच्या सर्वेक्षणातही नेमके २५.६च. पाच वर्षांत दशांशसुद्धा हलला नाही.

हा दुसरा रकाना मी बोटाने दाखविला, तेव्हा तात्यांनी वकिली पवित्रा घेतला. "अहो, आपल्या लोकांचं हाडपेरच बारीक. आता मी का ठेंगणा आहे?" तात्या ठेंगणे आहेत हे खरे, परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीचे जे प्रमाण ठरविले, त्यासाठी ज्या सहा देशांतील मुले मोजली त्यांत आमच्या दक्षिण दिल्लीतील, खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलेही होती, आणि ती ऑस्लो व मस्कत येथील मुलांच्या जवळजवळ बरोबरीने वाढली, हे लक्षात घेता हाडपेराची ही कैफियत दाखल होताच खारीज करावी लागते. तात्यांनी ती मागे घेतली नाही; चहा मात्र घेतला.

इतक्यात अंगणवाडीच्या सेविकाबाई खांद्याला झोळीचा काटा अडकवून दारी आल्या. कन्या बाळंतपणानंतर नोकरीवर रुजू झाल्यापासून आमचा दीड वर्षाचा नातू आमच्याकडेच असतो. त्याला झोळीत घालण्याचा अवकाश, तोच आमच्या घरच्या सरकारने स्वयंपाकघरातून फर्मान सोडले : "आज अमावास्या आहे. वजन करायचं नाही, दृष्ट लागते." आमच्या भाषेत 'बाळसे' असा एक गोंडस शब्द आहे, मूल बाळसे धरते, ते आईच्या डोळ्यांना कळते, आणि डोळ्यांना कळलेली गोष्ट काट्यावर घालणे म्हणजे तिची वाच्यता करणे, असा या घरचा शिरस्ता. गंमत अशी की जे मूल बाळसे धरीत नाही, त्याच्यासाठी तितका गोंडस शब्दच नाही. 'खुजेपणा' हा शब्द सरकारी दप्तरात गेला आणि तेथेच राहिला. सेविकाबाई निमूटपणे नोंदवहीत एक घर रिकामे ठेवून गेल्या. सर्वेक्षणवाले वेगळे आणि अंगणवाडीचे दप्तर वेगळे हे मला समजते; परंतु दोन्हीकडे मुलाला अखेर काट्यात पडावेच लागते, आणि आजीची मंजुरी दोघांनाही लागते.

मी गप्प राहिलो. पण रविवारी काय पाहावे! याच आजीबाई, पायाळू जन्मलेला नातू सुखरूप राहिला म्हणून बोललेला नवस फेडण्यासाठी, त्याला घेऊन गावच्या देवीपुढे गेल्या, आणि तेथे सभामंडपाच्या तुळईला टांगलेल्या तराजूच्या एका पारड्यात नातू व दुसऱ्यात गुळाची ढेप, असा जाहीर समारंभ पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत पार पडला. ढेप जड झाली म्हणून पुजाऱ्याने ती फोडली, मग खडा खडा काढून काटा समतोल केला. नातवाने तेवढ्यात हाताला लागलेला एक खडा तोंडात घातला. गुळाचे वजन भरले नऊ किलो आठशे ग्रॅम. दृष्टीचा विषय कोणी काढला नाही.

"देवीपुढे चालतं, मग बाईंपुढे का नाही?" एवढेच मी परतीच्या वाटेवर विचारले. उत्तर आले नाही. परंतु सोमवारी सकाळी सौभाग्यवतींनी स्वतःच सेविकाबाईंना निरोप धाडला. झोळीच्या काट्यावर नऊ किलो सातशे भरले, आणि वहीतील रिकामे घर निळ्या शाईने भरले गेले. वरचे शंभर ग्रॅम गूळ देवीच्या खाती जमा आहेत.