आधी झाडं, मग मासे

नव्याने फिशटँक घेणाऱ्याला दुकानात सहसा एकच सल्ला मिळतो: आधी मासे सांभाळायला शिका, जिवंत झाडांचं पुढे बघू, तोवर ही प्लास्टिकची घेऊन जा. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. जिवंत झाडं नाजूक, त्यांना खास दिवे लागतात, गॅसचा सिलिंडर लागतो, हा समज दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांचाच आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नवख्याच्या टाकीत झाडं आधी यावीत आणि मासे नंतर, कारण जिवंत झाडांची सर्वांत जास्त गरज नवख्यालाच असते. अनुभवी माणूस झाडांवाचूनही टाकी नीट चालवतो. खाणं किती टाकायचं, पाणी कधी बदलायचं, फिल्टर किती धुवायचा, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. नवख्याच्या चुका मात्र पाण्यात साठत जातात, आणि त्या पोटात घालणारं काहीतरी टाकीत असावं लागतं.

मुळात घरातल्या अ‍ॅक्वेरियमचा जन्मच झाडाच्या आधाराने झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात त्याने दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं होतं. काही काळाने व्हॅलिसनेरियाची जुनी पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. कुजकी पानं त्यांनी फस्त केली, पाणी निवळलं आणि तिघांचा संसार चालू राहिला. झाड माशांना ऑक्सिजन पुरवतं, हा वॉरिंग्टनचा मुख्य निष्कर्ष होता. तो बरोबरच आहे, पण अर्धा. झाडाचं त्याहून मोलाचं काम डोळ्यांना दिसत नाही आणि ते अमोनियाशी निगडित आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही तोच तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र टाकी, खडी, पंप आणि मासे एकाच संध्याकाळी घरी येतात. पहिल्या पंधरवड्यात मासे मरू लागले की घरात दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं: ‘आम्हाला मासे लाभत नाहीत’ किंवा ‘घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं’. संकट घरावरचं नसतं, ते त्याच पाण्यातलं असतं. जिवंत झाडं इथे उपयोगी पडतात, कारण अमोनियम, म्हणजे पाण्यातल्या अमोनियाचंच एक रूप, हे त्यांचं थेट अन्न आहे. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात पाणवनस्पतींवरचं बरंच संशोधन एकत्र मांडून दाखवलं की अनेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम उचलतात. जिवाणूंची फौज उभी राहीपर्यंत थांबायला माशाला सवड नसते. भरभर वाढणारं झाड मात्र रुजलं की लगेच कामाला लागतं. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांनी तर हे नीट ध्यानात घ्यावं. अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या पीएचवर ठरतो, आणि बोअरवेलच्या जड पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो. पीएच ७ असताना तो अंश एक टक्क्याहून कमी असतो, तर ८ झाला की सुमारे दसपट वाढतो. वर उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात आणखी भर पडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा: झाडं आणली होती, आठवड्याभरात सडली. हा अनुभव खोटा नाही आणि तोच बहुतेकांना झाडांपासून कायमचा तोडतो, म्हणून त्याचं कारण जरा खोलात जाऊन पाहायला हवं. विक्रीसाठीची बरीच झाडं रोपवाटिकेत पाण्याखाली वाढवलेली नसतात. मुळं ओल्या मातीत आणि पानं दमट हवेत, अशी ती वाढतात, कारण तशी ती लवकर वाढतात आणि त्यांच्यावर शेवाळही धरत नाही. हवेतल्या पानावर मेणासारखा थर असतो, श्वासाची छिद्रं असतात, पान ताठ असतं. पाण्याखाली त्या थराचा काही उपयोग नाही, छिद्रांचाही नाही. तिथे झाडाला पातळ, मऊ, जवळजवळ पारदर्शक पान लागतं. त्यामुळे पाण्यात गेल्यावर झाड जुनी पानं सोडून देतं. क्रिप्टोकोरीनमध्ये तर ती अक्षरशः विरघळतात: आज पानावर काचेसारखा ओलसर डाग, दोन दिवसांनी देठापाशी लिबलिबीत चोथा. पाहणाऱ्याला वाटतं, झाड मेलं. खडीत बोट घालून पाहावं, मूळ पांढरं आणि घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. सडलेली पानं तेवढी कापून काढावीत आणि रोप जागचं हलवू नये. दोन-तीन आठवड्यांत मधोमध नवं पान दिसतं, आकाराने वेगळं, रंगाने वेगळं, पण त्या पाण्यातच घडलेलं. नेमक्या या दोन-तीन आठवड्यांत टाकीत मासे नसावेत, हे माझ्या म्हणण्याचं दुसरं कारण. मासे नसले की खाणं पडत नाही, पाणी बिघडत नाही आणि माणसाला धीर धरता येतो.

सडण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याचा दोष गिऱ्हाइकावर टाकता येत नाही. जी झाडं पाण्यातली नाहीतच, ती अ‍ॅक्वेरियमची म्हणून विकली जातात. लकी बांबू म्हणून मिळणारं ड्रासीना, पीस लिली, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस ही सगळी जमिनीवरची रोपं. मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवली तर लकी बांबू मजेत वाढतो. पूर्ण बुडवला तर काही आठवडे तग धरतो आणि मग कुजून ज्या अमोनियासाठी झाड आणलं त्यातच भर घालतो. याबद्दल दुकानदाराला स्पष्ट विचारावं आणि दुकानदारानेही स्पष्ट सांगावं. एवढी साधी माहिती न देता विकणं मला चुकीचं वाटतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लोकांच्या मनात झाडांच्या टाकीचं जे चित्र आहे ते बहुतांशी जपानमधल्या निगाताच्या ताकाशी अमानो यांच्या कामातून आलं आहे. ते छायाचित्रकार होते आणि काचेच्या पेटीत त्यांनी डोंगर, कुरणं आणि अरण्यं उभी केली. तशा टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि प्रखर दिवे लागतात, हे खरंच आहे. पण त्या टाकीवरून घरातल्या दोन फुटी टाकीची गरज ठरवणं बरोबर नाही. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो, आणि हवेशी तोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. प्रखर उजेडात झपाट्याने वाढू पाहणारं झाड एवढ्यावर उपाशी राहतं. ज्याची भूकच कमी आहे, त्याला ते पुरतं. पश्चिम आफ्रिकेतलं अनुबियास, जावा फर्न, श्रीलंकेतलं क्रिप्टोकोरीन वेंडटी ही अशी झाडं. पहिल्या दोघांचं आडवं जाड खोड खडीत पुरू नये, कुजतं. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावं. यांची वाढ मंद, म्हणून अमोनिया शोषायला सोबत भरभर वाढणारं काही हवं. हॉर्नवर्टला तर मुळंही नसतात, ते नुसतं तरंगत सोडलं तरी चालतं. नीरब्राह्मी, म्हणजे दुकानातली बकोपा, आपल्याकडे ओढ्याकाठच्या चिखलात उगवते. आणि बोअरवेलच्या जड पाण्यात व्हॅलिसनेरिया घ्यावी, कारण त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही तिला कार्बन काढता येतो.

शेवाळाची तक्रार बहुतेक वेळा उजेडाची असते. झाडांना जास्त उजेड हवा असं समजून दिवा सकाळी लावून रात्री झोपताना बंद केला जातो, नाहीतर टाकी थेट खिडकीच्या उन्हात ठेवली जाते. नव्या टाकीत झाडं थोडी, मुळं न धरलेली. उरलेला उजेड शेवाळ वापरतं. दिवसाला सहा ते आठ तास पुरेत, आणि साधा टायमर लावला तर विसरण्याचा प्रश्न उरत नाही. रात्री झाडं ऑक्सिजन घेतात, हा मुद्दाही खरा आहे. पण मासे गर्दीने भरलेले नसतील आणि फिल्टरने पाण्याचा पृष्ठभाग हलता असेल, तर त्याने बिघडत नाही. उन्हाळ्यात मात्र सावध राहावं, कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. रात्री वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप घरात असलेला बरा. गोगलगायींना मी तक्रार मानत नाही. त्या बेसुमार वाढल्या तर खाणं जास्त पडतंय, एवढंच समजावं.

झाडं लावली की पाणी बदलायची गरज संपते, असं मी म्हणत नाही, आणि झाडांच्या भरवशावर टाकीत मासे कोंबणाऱ्याला माझा पाठिंबा नाही. आणखी एक मर्यादा मान्य करायला हवी: आपल्याकडे नवखा बहुधा गोल्डफिश घेतो आणि गोल्डफिश कोवळी झाडं कुरतडतो, उपटतो. अनुबियासचं चिवट पान तेवढं बहुतेकदा वाचतं. वॉरिंग्टनचे मासे लहान होते, दुकानातला गोल्डफिशही लहानच दिसतो, पण तो वीतभर होतो आणि घाण खूप करतो. छोट्या टाकीच्या घरी गप्पी किंवा मोजके लहान बार्ब आणावेत.

सर्वांत वजनदार आक्षेप निसर्गप्रेमींचा आहे: हा छंद नद्या-तळ्यांना महागात पडतो. आपल्या तळ्यांत नांदणारी हायड्रिला १९५० च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिथले कालवे, सरोवरं तिने बुजवून टाकली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने मुळा-मुठा आणि इंद्रायणीचं काय केलं आहे, ते पुणेकरांना सांगायला नको. ही भीती रास्त आहे, आणि तिचं उत्तर छंद सोडण्यात नसून हौशी माणसाच्या दोन सवयींत आहे. छाटलेली पानं, वाढलेले फुटवे आणि टाकीचं पाणी ओढ्यात, नाल्यात किंवा विसर्जनाच्या तळ्यात जाऊ देऊ नये. झाडं उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत खत म्हणून घालावीत, पाणी बागेला घालावं. आणि रानातून झाड उपटून आणू नये. साताऱ्याच्या पठारांवर पावसाळी डबक्यांत उगवणारा वायतुरा अ‍ॅपोनोजेटॉनच्या कुळातला आहे आणि त्या कुळातली काही झाडं दुकानात मिळतात, म्हणून कासला गेलेल्या हौशी माणसाला त्याचा मोह होऊ शकतो. तो महाराष्ट्राबाहेर कुठे आढळत नाही आणि संकटग्रस्त आहे. टाकीत अ‍ॅपोनोजेटॉन हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं घ्यावं, आणि ते कुठून आलं हे विकत घेताना विचारावं.