दोरी ओढली, इंजिन लागलं, एवढ्यावर थांबू नका

मे संपत आला की पंचगंगेच्या काठावरच्या गावांना बोटीची आठवण होते. ताडपत्री निघते, धूळ झटकली जाते, कुणीतरी इंजिनाची दोरी चार वेळा ओढतं. इंजिन फटफटलं की सगळे निश्चिंत होऊन घरी जातात. माझ्या मते खरी तपासणी तिथून पुढे सुरू व्हायला हवी. जुनं आउटबोर्ड इंजिन काठावर बहुतेक वेळा सुरू होतंच. ते दगा देतं ते आठ माणसं बसवून, धारेच्या उलट, पूर्ण रेस दिल्यावर.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला पाण्याने वेढलं, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं रिकामी करावी लागली. 2021 च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. एनडीआरएफची तुकडी पुण्याहून निघते. ती पोहोचेपर्यंत गावाकडे जी बोट असेल तीच धावते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी बोट उलटून 17 जण गेले. त्या बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. माणसं जास्त का बसतात, हे पूर पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. काठावर बंद पडलेल्या प्रत्येक बोटीतली माणसं पुढच्या बोटीत चढतात. म्हणून नीट न चालणारं इंजिन ही मला किरकोळ दुरुस्तीची बाब वाटत नाही.

नवं इंजिन अनेक ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेर असतं, मग वापरलेलं येतं. त्यात काही गैर नाही. पण ते मिसिंग मारायला लागलं की आपल्याकडे लगेच पाने-पक्कड घेऊन हेड खोलायला बसतात. ही घाई टाळा. सुरुवात टाकीपासून करा. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर आत पोकळी तयार होते आणि इंजिन पाच-दहा मिनिटं झकास चालून मान टाकतं. त्यानंतर नळीवरचा रबरी फुगा बघा. चालू इंजिन मरायला लागल्यावर तो दाबला आणि त्याने पुन्हा जोर धरला, तर इंजिनापर्यंत पेट्रोल पुरेसं येत नाही हे पक्कं. चिरलेली नळी, तुंबलेला फिल्टर किंवा पंपाचा फाटका पडदा, यांतलंच काहीतरी असतं. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर एकेका प्लगची टोपी काढून आवाज ऐका. टोपी काढल्यावरही आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच झोपलेला आहे. तिथला प्लग बाहेर काढा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीत गडबड, कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही मोजून घ्या. त्यात मोठी तफावत निघाली तरच हेडला हात लावा.

एवढं करून बहुतेक वेळा संशय कार्बोरेटरवर येऊन थांबतो. मागच्या पुरानंतर तसंच ठेवलेलं इंजिन असेल तर त्याची खालची वाटी उघडून बघा. तळाला पिवळसर चिकट थर, वर जुन्या वॉर्निशसारखा उग्र वास, कडेला पांढरी भुकटी. जेट काढून उजेडाकडे धरा. केसाएवढ्या भोकातून उजेड दिसायला हवा, तो दिसत नाही. असं इंजिन चोक ओढल्यावर लागतं, मंद चालतं आणि रेस दिली की गुदमरतं. उपाय वाटीपासून जेटपर्यंत सगळं क्लीनरने धुऊन हवेच्या दाबाने फुंकणं, एवढाच. तार घालून भोक मोठं करू नका, मग ते इंजिन कायमचं पेट्रोल पीत राहतं.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून येतं, याचा ऊसपट्ट्यातल्या माणसाला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्ध्या टाकीत महिनोन्‌महिने राहिलं आणि पाणी वाढलं, की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. इंजिन ओढतं ते तळातूनच. टू-स्ट्रोकला तर आणखी धोका, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि पिस्टनला वंगण मिळत नाही. त्यामुळे पाणी ओसरलं की टाकी रिकामी करायची, नळी काढून टाकायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून वाटी कोरडी करायची. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

मात्र कोरड्या जागी इंजिन कधीच चालवू नका. खाली पाणी ओढणारं रबरी इम्पेलर असतं, ते पाण्याशिवाय बघता बघता करपतं. चाचणी घ्यायची तर पाण्याच्या पिंपात. मागून बारीक धार ठणठणीत बाहेर पडली पाहिजे. पुराचं पाणी गाळाचं असतं, तो गाळ हे रबर खातो. कोकण किनाऱ्यावरून आलेल्या इंजिनात मिठाचे थर साचून पाण्याच्या वाटा बुजलेल्या असू शकतात. इंजिन ओरडतंय पण बोट सरकत नाही, असं झालं तर आधी पंख्याला गुंडाळलेलं केंदाळ, दोर, प्लास्टिक काढा. तरीही तसंच राहिलं तर पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असतं किंवा पिन तुटलेली असते.

यातलं एकही काम कोल्हापूरला अवघड नाही. ऑइल इंजिनं घडवणारं हे गाव. उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींनी येझदी आणि राजदूतचे कार्बोरेटर आवाजावरून लावले, त्यांना टू-स्ट्रोक बोट इंजिन परकं नाही. त्यांच्यापर्यंत ते इंजिन कुणी नेत नाही, एवढीच अडचण आहे. बोटीची नोंद कागदावर असते, पण इंजिन कुणाच्या जबाबदारीवर आहे याचं नाव त्या कागदावर सापडत नाही. माझी मागणी साधी आहे. करवीर, हातकणंगले, शिरोळमधल्या प्रत्येक पूरबाधित गावाने आपल्या इंजिनासाठी एक माणूस नेमावा, त्याला वर्षाचे थोडे पैसे द्यावेत आणि त्याच्या पिशवीत दोन प्लग, एक इम्पेलर, पंख्याच्या पिना आणि रबरी फुगा कायम असावा. पहिल्या पावसाआधी बोट नदीत उतरवून, जितकी माणसं बसायची परवानगी आहे तितकी लाइफ जॅकेट घालून बसवून, अर्धा तास पूर्ण रेसवर चालवावी. त्यात बंद पडली तर दुरुस्तीला अजून दिवस हाताशी असतात.