न्यायासन आणि मताचा वचक

लोकप्रतिनिधी सभागृहात मत देतो ते आपल्या सद्‌सद्विवेकबुद्धीला स्मरून देतो, असे नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. वाचकहो, हे वाक्य सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे ज्या समाजाला कळत नाही त्या समाजाच्या वाट्याला नेहमी गोड भाषणे येतात, मते येत नाहीत. हे उरलेले अर्धे सत्य समजून घेण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकांचा इतिहास फार उपयोगी आहे.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची निवड राष्ट्राध्यक्ष करतो. परंतु सिनेटने संमती दिल्यावाचून ती नेमणूक पक्की होत नाही. नेमणूक तहहयात असते. सिनेटर मात्र सहा वर्षांनी मतदारांच्या दारी जातो. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपूर्वी सिनेटरांची निवड राज्यांची विधिमंडळे करीत. त्यानंतर ती थेट जनतेच्या हाती आली. नेमणुकांवरील चर्चाही १९२९ पर्यंत सामान्यतः बंद दाराआड होत असे. त्या वर्षी नियम बदलले आणि दार उघडले. कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे आता जनतेला कळू लागले. या दोन सुधारणा दिसावयास लहान, पण परिणामाने फार मोठ्या होत्या. त्यांची पहिली मोठी कसोटी पुढच्याच वर्षी लागली.

१९३० च्या मार्च महिन्यात राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे न्यायाधीश जॉन पार्कर यांचे नाव पुढे केले. १९२८ च्या निवडणुकीत दक्षिणेकडील या राज्याने हूव्हरना मते दिली होती. दक्षिणेतील गोऱ्या मतदारांत आपल्या पक्षाचे बस्तान बसावे, हा त्या निवडीमागचा एक हेतू होता. पण १९२० साली गव्हर्नरपदाची निवडणूक लढविताना याच पार्करांनी एक भाषण केले होते. कृष्णवर्णीयांनी राजकारणात भाग घेणे दोन्ही वंशांना घातक आहे, अशा अर्थाचे उद्‌गार त्यात होते. दहा वर्षांपूर्वीचे ते भाषण कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने शोधून काढले. संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी पार्करांना तार करून विचारले, ‘हे तुमचेच मत काय?’ उत्तर आले नाही. मग शहरोशहरी सभा झाल्या आणि सिनेटरांच्या टेबलांवर तारांचा व पत्रांचा ढीग पडला. कामगारांना संघटनेत सामील होण्यास मनाई करणाऱ्या करारांना पार्करांच्या एका निकालाने आधार दिला होता, म्हणून कामगार महासंघही विरोधात उभा राहिला. ७ मे १९३० रोजी मतदान झाले. बाजूने ३९, विरुद्ध ४१. पार्कर पडले!

आता हे ४१ जण कोण होते ते पाहा. ते सारे कृष्णवर्णीयांचे कैवारी होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दक्षिणेतील काही डेमोक्रॅट सिनेटरांनी विरुद्ध मत दिले ते पार्कर रिपब्लिकन होते म्हणून. आपल्या भूमीत त्या पक्षाचे रोप रुजू नये ही त्यांची चिंता. काहींना कामगारांची मते हवी होती. काहींना पार्करांचे निकाल खरोखरच अन्यायाचे वाटत होते. आणि उत्तरेकडील काही सिनेटरांच्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदार प्रत्यक्ष मतपेटीपर्यंत पोहोचत होता. त्यांनी त्या मतांचा हिशेब केला. दक्षिणेत त्याच वंशाचे लक्षावधी लोक राहात होते. परंतु तेथे त्यांना मतदानच करू दिले जात नव्हते, म्हणून त्यांचे दुःख कोणत्याही सिनेटरच्या हिशेबात धरले गेले नाही. संख्या जास्त असून किंमत शून्य! ज्याला मत नाही त्याच्या अश्रूंची नोंद सभागृहाच्या वहीत होत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा मतदानानंतरचा आहे. विजय मिळाला म्हणून ती संघटना हारतुरे घेऊन घरी गेली नाही. पार्करांच्या बाजूने कोणी मत दिले त्यांची यादी तिने जपून ठेवली, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत कॅन्ससचे ॲलन आणि ओहायोचे मॅकुलॉक यांच्याविरुद्ध प्रचार केला. दोघेही पराभूत झाले. त्या वर्षी मंदीची लाट होती, तिचाही यात वाटा होता, हे कबूल केले पाहिजे. तरी पण सिनेटर मंडळी ज्या भाषेत विचार करतात ती भाषा या संघटनेला अवगत झाली होती, हे निःसंशय.

येथे एक कडू सत्य सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पार्करांच्या जागी ओवेन रॉबर्ट्स आले आणि त्यांना सहज संमती मिळाली. टेक्सासमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक केवळ गोऱ्यांपुरती ठेवण्यास मान्यता देणारा १९३५ चा निकाल याच रॉबर्ट्स यांनी लिहिला. १९४४ साली न्यायालयाने तो निकाल फिरविला तेव्हा विरोधात एकटे रॉबर्ट्सच उरले होते. आणि पार्कर? अपील न्यायालयात राहून त्यांनी १९४० साली कृष्णवर्णीय शिक्षकांच्या समान वेतनाच्या बाजूने निकाल दिला. १९४७ साली साउथ कॅरोलिनातील गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक बेकायदा ठरविण्यात त्यांचा हात होता. परंतु १९५१ साली शाळांतील वंशभेद उचलून धरणाऱ्या निकालातही तेच होते. मग तो लढा चुकला काय? आमचे उत्तर आहे, नाही. माणसाच्या अंतःकरणाचा ठाव आधी कोणालाच लागत नाही. लढणाऱ्यांनी पार्करांचे स्वतःचे शब्द पुढे ठेवून त्यांचा जाब मागितला, आणि तो मिळाला नाही म्हणून विरोध केला. त्या लढ्याने न्यायालयात जागा मिळवून दिली नाही. पण आम्हाला विचारल्यावाचून आमच्यावर न्यायाधीश लादता येणार नाही, ही जाणीव राज्यकर्त्यांच्या मनात रुजविली.

१९४४ चा तो खटला जिंकणारे वकील थरगुड मार्शल यांचेच नाव १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी पाठविले. दक्षिणेच्या सिनेटरांनी त्यांना घटनेच्या इतिहासातील बारीकसारीक प्रश्न विचारून छळले. अखेर ६९ विरुद्ध ११ मतांनी मार्शल न्यायासनावर बसले. पण शंभरांच्या सभागृहात ही बेरीज ऐंशीच होते! उरलेले वीस जण मतदानात आले नाहीत. बाजूने मत द्यावे तर गोरा मतदार रागावतो, विरुद्ध द्यावे तर राष्ट्राध्यक्ष. म्हणून गैरहजेरी बरी. वाचकहो, गैरहजेरी हेही एक मत असते, आणि तेही मोजावयास शिकले पाहिजे.

दक्षिणेचे हे चित्र बदलले ते १९६५ च्या मताधिकार कायद्याने. त्यापूर्वी मिसिसिपी राज्यात मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातही नोंदलेले नव्हते. १९६७ पर्यंत हे प्रमाण शेकडा साठच्या घरात गेले. वीस वर्षांनी त्याचे फळ दिसले. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांची निवड केली. बोर्क विद्वान होते यात शंका नाही. पण १९६३ साली हॉटेले आणि दुकाने सर्व वर्णांना खुली करण्याच्या विधेयकावर त्यांनी टीका केली होती. पुढे ते मत त्यांनी सोडले खरे. तथापि मतदानासाठी कर आकारणे रद्द ठरविणारा निकालही त्यांना चुकीचा वाटत होता. अलाबामाचे शेल्बी, लुइझियानाचे ब्रॉ, जॉर्जियाचे फाउलर, नॉर्थ कॅरोलिनाचे सॅनफर्ड हे सिनेटर १९८६ साली नव्याने निवडून आले होते, आणि कृष्णवर्णीय मतांवाचून त्यांची निवड अशक्य होती. चौघांनीही विरुद्ध मत दिले. सहा रिपब्लिकनांनीही स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाची साथ सोडली. त्यांपैकी स्पेक्टर यांनी बोर्क यांची तासन्‌तास उलटतपासणी करून आपला निर्णय घेतला होता. सद्‌सद्विवेकबुद्धी अगदीच नसते असे नव्हे, ती अशी कधीकधी भेटते. बोर्क ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडले. ते मत १९८७ साली सिनेटमध्ये मोजले गेले. पण ठरले होते ते नोंदणी कचेरीच्या दाराशी, जेथे माणसे मार खाऊनही रांगेत उभी राहिली होती.

१९९१ साली क्लॅरेन्स थॉमस यांना ५२ विरुद्ध ४८ अशी निसटती संमती मिळाली. ते स्वतः कृष्णवर्णीय होते, तरी त्याच राष्ट्रीय संघटनेने त्यांना विरोध केला; कारण रक्त कोणाचे यापेक्षा विचार कोणाचा हे तिने पाहिले. इलिनॉयचे सिनेटर डिक्सन यांनी थॉमस यांच्या बाजूने मत दिले. पुढच्याच वर्षी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कॅरल मोझली ब्राउन यांनी त्यांना हरविले, आणि त्या सिनेटमधील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सदस्य झाल्या. अलीकडे मात्र पक्षाची शिस्त एवढी घट्ट झाली आहे की मतदानापूर्वीच बेरीज सांगता येते. २०२२ साली केटांजी ब्राउन जॅक्सन यांना ५३ विरुद्ध ४७ मते मिळाली. विरोधी पक्षातून त्यांच्या बाजूने आले ते अवघे तिघे.

आपल्या देशात खासदार न्यायमूर्तींच्या नेमणुकीवर मत देत नाहीत. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याचा खुलासा केला होता. नेमणुका केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाची संमती घेतल्यास राजकीय दडपण येईल, अशी त्यांना भीती होती. आणि सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार देणेही त्यांना मान्य नव्हते, कारण सरन्यायाधीश हाही अखेर माणूसच. १९९३ पासून नेमणुकांचा निर्णय न्यायमूर्तींच्या मंडळाकडे आहे. तो बदलणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केला. बाबासाहेबांची भीती निराधार नव्हती, हे वरील इतिहासावरून दिसेलच. परंतु जो प्रतिनिधी आपल्या मतांवर निवडून येत नाही तो आपला राहात नाही, हे त्यांनीच पुणे कराराच्या संदर्भात पुनःपुन्हा बजावले होते. अमेरिकेच्या सिनेटने तेच सिद्ध केले.

म्हणून वाचकहो, आमचे सांगणे थोडके आहे. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही हे आजच पाहा. आपल्या आमदाराने आणि खासदाराने कोणत्या विधेयकावर काय केले, कोणत्या दिवशी तो मुकाट बसला, कोणत्या दिवशी सभात्याग करून निसटला, याची वही आपल्या वस्तीत, आपल्या विहारात ठेवा. तो मते मागावयास येईल तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालण्यापूर्वी ती वही उघडा. ज्या समाजाजवळ अशी वही असते, त्याच्या प्रतिनिधीची सद्‌सद्विवेकबुद्धी सहसा झोपत नाही.