लेट पासवर कारण काय लिहायचं?

आमच्या होस्टेलच्या लेट पास रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, 'कारण'. बर्थडे, क्लास, प्रोजेक्ट, काहीही लिहा, सही मिळते. माझा एक मित्र गेल्या सेमिस्टरला दोन महिने तिथे 'क्लास' लिहीत होता. प्रत्यक्षात तो जायचा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला. तो कोण, कुठल्या ब्रँचचा, हे प्लीज विचारू नका. त्याला विचारूनच हे लिहितोय.

त्याला दारू सोडायची होती, पण एकट्याने जमत नव्हतं. पहिल्या दिवशी सोबत म्हणून मी गेलो, तर ती 'क्लोज्ड' मीटिंग निघाली. म्हणजे ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे फक्त त्यांच्यासाठी. मी दीड तास बाहेर पायऱ्यांवर बसलो. 'ओपन' मीटिंगला कुणीही बसू शकतं, हे तेव्हा कळलं.

एएची सुरुवात 1935 साली अमेरिकेत ॲक्रन या गावी झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूपुढे हरलेले. दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळं बोललं की आपण प्यायचे थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. सगळा फंडा एवढाच. फी नाही, हजेरी नाही. दारू सोडायची इच्छा हीच मेंबर व्हायची अट.

पण 'मीटिंगला जा' म्हणणं सोपं, आपल्याला जमेल अशी मीटिंग शोधणं अवघड. आम्ही गेलेली पहिली मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये होती आणि इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटचा, मला तसला हॉल ओळखीचा. मित्र मराठी मीडियमचा, तो पूर्ण वेळ गप्प बसला. व्हायवाला इंग्रजीत बोलता येतं हो, पण आईच्या पर्समधून पैसे घेतले हे इंग्रजीत कसं सांगणार? दुसरी मीटिंग मराठीत होती, पण सगळे वडिलांच्या वयाचे. तिथे चाकणच्या कंपनीतले एक काका भेटले. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळची मीटिंग बुडते, म्हणून त्यांनी दोन ग्रुप धरून ठेवलेत. ते म्हणाले, "बाळा, एक मीटिंग जमली नाही म्हणजे एए जमलं नाही असं नसतं. पाच-सहा बघ, मग ठरव." चौथ्या ठिकाणी एक जण भेटला, ज्याची सुरुवात कॉलेजातच झाली होती. त्या दिवशी माझा मित्र पहिल्यांदा बोलला.

'तिथे देवबिव असतो ना?' असं बरेच विचारतात. बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा समजेल तसा. माझा मित्र नास्तिक आहे. तो म्हणतो, माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे तो ग्रुप.

आणि आपण इंजिनिअर, आपल्याला डेटा लागतो. 2020 साली कॉक्रेनने 27 अभ्यासांचा आढावा घेतला, दहा हजारांहून जास्त माणसांचा. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे नेणारे उपचार इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र मीटिंग हा डॉक्टरला पर्याय नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं 'मुक्तांगण' आहे. 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे. आणि घरात कुणी पीत असेल तर घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन'चे वेगळे ग्रुप असतात. आपल्यातल्या काहींना त्याची गरज आहे, हे आपल्याला माहीत आहे.

आता मुद्दा. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे होस्टेलमधल्या बहुतेकांचं पिणं बेकायदाच. त्यामुळे 'मला सोडायची आहे' असं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. होस्टेल सुटेल या भीतीने पोरगा गप्प बसतो आणि पीत राहतो.

रेक्टर सरांना माझी विनंती तीन गोष्टींची. 'कारण' या रकान्यात 'वैयक्तिक' हा शब्द चालावा. जवळपासच्या मीटिंगचे वार, वेळा, भाषा आणि हेल्पलाईनचा नंबर मेसच्या मेनूशेजारी लावावा, म्हणजे कुणाला काही न विचारता वाचता येईल. आणि जो स्वतःहून येऊन सांगेल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. कॉलेजमध्येच मीटिंग भरवा असं मी म्हणत नाही. इथे कोण आत गेलं ते अख्ख्या कॅम्पसला दिसेल, मग 'ॲनॉनिमस' काय उरलं?

सर म्हणतील, पोरं गैरफायदा घेतील. सर, ज्यांना प्यायला जायचंय त्यांना 'बर्थडे' लिहून आजही पास मिळतो. खोटं लिहावं लागतं ते फक्त सोडायला जाणाऱ्याला.