‘मुक्ती’ देणाऱ्या शस्त्रक्रियेचा ताळेबंद

वैद्यकशास्त्रातील वाद सहसा परिषदांच्या सभागृहाबाहेर पडत नाहीत. कॅनडात मात्र एका शस्त्रक्रियेचा वाद थेट संसदेत पोहोचला आणि त्याचा निकाल लागण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते, असे मेंदूविकारतज्ज्ञ मानतात. इटलीतील फेरारा विद्यापीठाचे शल्यविशारद पावलो झांबोनी यांनी २००९ मध्ये वेगळीच उपपत्ती मांडली. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मानेतील व छातीतील शिरा अरुंद झाल्याने रक्त तुंबते, लोह साचते आणि व्याधी बळावते, असे त्यांचे म्हणणे. शिरेत फुगा फुगवून ती रुंद करणे हा त्यावरील उपाय. त्यास ‘लिबरेशन’, म्हणजे मुक्ती, असे नाव मिळाले. झांबोनी यांच्या पत्नीलाही हीच व्याधी होती. त्यांचा पहिला उपचार-अभ्यास अवघ्या ६५ रुग्णांचा होता आणि त्यात तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता.

नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडातील सीटीव्ही वाहिनीने हा उपचार घरोघरी पोहोचविला. या व्याधीचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत कॅनडाची गणना होते. तेथील सरकारी आरोग्ययंत्रणेने उपचार नाकारताच रुग्ण पोलंड, मेक्सिको, कोस्टारिका आणि भारतातील खासगी रुग्णालयांकडे वळले. वैद्यकीय पर्यटनाच्या आपल्याकडील जाहिरातींत ही बाजू दिसत नाही. अमेरिकेत एका रुग्णाच्या शिरेतील स्टेंट सरकून हृदयात गेला. कोस्टारिकात उपचार घेतलेला एक कॅनेडियन रुग्ण २०१० मध्ये गुंतागुंत होऊन दगावला.

तरीही ‘मला बरे वाटले’ असे सांगणारे रुग्ण खोटे बोलत नव्हते. या व्याधीचा स्वभावच चढउताराचा आहे. झटका येतो, ओसरतो, काही महिने हातपाय साथ देतात. त्यातच मोठा खर्च करून, समुद्र ओलांडून घेतलेल्या उपचाराची आशा मिसळली, की खरी सुधारणा कोणती हे रुग्णालाही सांगता येत नाही. त्यासाठी काही रुग्णांवर खरी शस्त्रक्रिया व काहींवर तिचा केवळ देखावा करायचा आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व तपासणारा डॉक्टर या दोघांपासूनही लपवायचे, हाच मार्ग होता.

ऑगस्ट २०१० मध्ये कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थेने अशा चाचणीविरुद्ध सल्ला दिला. उपपत्तीबद्दलची तज्ज्ञांची शंका रास्तच होती. परंतु काही मेंदूविकारतज्ज्ञांच्या तुच्छतेच्या सुराने रुग्ण अधिकच दुरावले. महागड्या औषधांच्या कंपन्यांशी तज्ज्ञांचे साटेलोटे असल्याचा संशयही बळावला. सस्कॅचवान प्रांताने ५० लाख डॉलर देऊ केले आणि जून २०११ मध्ये केंद्र सरकारने भूमिका बदलली. हा निर्णय लोकक्षोभापोटी झाला हे उघड आहे, पण तो योग्य होता. ज्या उपचारासाठी लोक परदेशात जीव धोक्यात घालत होते, त्याची परीक्षा टाळणे परवडणारे नव्हते.

उपपत्तीला पहिला मोठा तडा २०१३ मध्ये गेला. ‘लॅन्सेट’मधील कॅनेडियन अभ्यासात शिरा निम्म्याहून अधिक अरुंद असल्याचे प्रमाण रुग्णांत ७४ टक्के, त्यांच्या निरोगी भावंडांत ६६ टक्के आणि नात्यात नसलेल्या निरोगी व्यक्तींत ७० टक्के आढळले. म्हणजे ज्याला दोष समजले जात होते, ती बहुतेकांच्या शरीराची नेहमीची घडण होती. मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील १०४ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. ४८ आठवड्यांनंतर खरी शस्त्रक्रिया व देखावा यांत फरक नव्हता.

त्याच वर्षी इटलीतील ११५ रुग्णांची चाचणीही प्रसिद्ध झाली. हा उपचार निष्प्रभ असून त्याची शिफारस करता येत नाही, असे तिने नोंदविले. त्या चाचणीचे नेतृत्व स्वतः झांबोनी यांनी केले होते.