परक्यांचें दान आणि आमचें धर्मादाय खातें

1887 सालीं पंडिता रमाबाईंच्या कार्यास साहाय्य करण्यासाठीं अमेरिकेंत बोस्टन शहरीं एक मंडळी स्थापन झाली. आमच्या विधवांस कधीं डोळ्यांनींही न पाहिलेल्या त्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनीं 10 वर्षें नियमित मदतीचें वचन दिलें. पुढें 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील उपाशी मुली रमाबाईंनीं केडगांवीं आणल्या व त्यांस अन्नाबरोबर अक्षरओळख आणि उद्योगही दिला. धर्मांतराविषयीं आमच्या समाजानें पुष्कळ ओरड केली. ती सर्वस्वीं निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या भुकेल्या मुलींपर्यंत आमचा हात आधीं कां पोंचला नाहीं? व्यापारी बंधूंनो, दिवाळीस नवी वही उघडाल तेव्हां धर्मादाय खात्यांत ठराविक रक्कम मांडा. ती दूरदेशींच्या दुष्काळग्रस्तांसही पोंचूं द्या; आणि घेणाऱ्याचा धर्म विचारूं नका, बदलूंही नका.