अहवाल हाती, तिकीटही हाती



जुलै-ऑगस्ट आला की आपल्या हुबळी-धारवाडच्या कितीतरी घरांत मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या दिसतात. कुणाची स्वारी जर्मनीला, कुणाची आयर्लंडला, कुणाची अमेरिकेला. आई मेतकूट आणि शेंगाचटणीची पाकिटं करते, बाबा वजनकाटा शोधतात, लाइन बझारचे पेढे शेवटच्या दिवशी आणायचं ठरतं. अशा धांदलीत घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असा अहवाल पडला तर?

हा विषय आपल्या मासिकात कशाला, असं काहींना वाटेल. मी तीस वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. असा अहवाल कुठल्याही आडनावाच्या कागदावर येऊ शकतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून आज हेच लिहिते.

गेल्या वर्षी ओळखीच्या घरातला एक मुलगा माझ्याकडे आला. (लिहायला त्याची हरकत नाही, तरी ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय 24, जर्मनीत प्रवेश मिळालेला, विमानाला पाच आठवडे. मित्रांबरोबर रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून बोलावणं आलं. म्हणाला, “काकू, मला दोनच रस्ते दिसतात. एक तर जाणं रद्द करायचं आणि घरी काहीतरी कारण सांगायचं. नाहीतर गुपचूप जायचं आणि तिकडे काय ते बघायचं.”

मी त्याला म्हटलं, हे दोन्ही पळण्याचेच रस्ते आहेत. पाच आठवडे म्हणजे पुष्कळ वेळ आहे. तेवढ्यात औषध सुरू कर आणि मग विमानात बस.

पहिलं काम, अहवाल पक्का करणं. एका चाचणीवर निदान ठरत नाही. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात आणि तिन्हींचा निकाल जुळला तरच ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. हे सगळं मोफत असतं.

दुसरं काम, औषध. हुबळीत किम्समध्ये एआरटी केंद्र आहे. तिथे सीडी4 ही प्रतिकारशक्तीची चाचणी होते, क्षयरोग आहे का ते पाहतात आणि गोळ्या देतात. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधं 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली. तेव्हा सीडी4 खाली घसरण्याची वाट पाहत. 2017 पासून निदान झालं की लगेच उपचार, असं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, तिच्यात तीन औषधं एकत्र. या गोळ्या स्वस्त होण्यात मुंबईच्या सिप्ला कंपनीचा मोठा वाटा आहे. जगात या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांहून जास्त खर्च येत होता, तेव्हा 2001 मध्ये सिप्लाने तो दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला.

“किम्समध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर?” हा त्याचा पुढचा प्रश्न. आपलं जोडशहर लहान आहे, मंगळवारी दिसलेला माणूस बुधवारी लग्नात भेटतो, हे खरंच. पण उपचार आपल्याच गावात घ्यायला हवेत असं बंधन नाही. बेळगावच्या केंद्रातही नाव घालता येतं. शिवाय 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करणं, एखाद्याची माहिती बाहेर फोडणं, नोकरीत, शिक्षणात किंवा भाड्याच्या घरात भेदभाव करणं, हे सगळं त्यानुसार बेकायदा आहे.

जाण्याआधीच औषध सुरू करा, असं मी का म्हणते? सुरुवातीच्या आठवड्यांत कुणाला मळमळतं, कुणाला झोप लागत नाही, रक्ताच्या काही चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. हे आपल्या भाषेत बोलणाऱ्या डॉक्टरांसमोर झालेलं बरं. गोळी नियमित घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी होतो. तो तसाच राहिला तर लैंगिक संबंधांतूनही दुसऱ्याला लागण होत नाही. पुढे लग्न, मुलंबाळं, नोकरी, सगळं शक्य असतं. गोळ्यांत वारंवार खंड पडला तर मात्र विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून ‘तिकडे गेल्यावर बघू’ हे परवडत नाही.

आता प्रवासाचं. 1989 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. तो नेहमी रक्तदान करायचा, त्यातूनच त्याची लागण कळली होती. त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकट्याला डांबलं. त्याची आई लुसी न्यायालयात गेली. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, हान्स पॉल व्हेरहूफ हा डच माणूस परिषदेसाठी अमेरिकेत निघाला असताना मिनियापोलिसला अडकला. सामानात एचआयव्हीचं औषध सापडलं म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. अमेरिकेची ती प्रवेशबंदी 1987 पासून होती, ती 4 जानेवारी 2010 ला उठली. आज तिथल्या व्हिसासाठी ही चाचणी लागत नाही.

पण सगळं जग सारखं नाही. जर्मनी आणि ब्रिटन विद्यार्थ्यांकडे ही चाचणी मागत नाहीत. इंग्लंडमध्ये तर 2012 पासून परदेशी माणसालाही एचआयव्हीचे उपचार मोफत मिळतात. कॅनडाच्या वैद्यकीय तपासणीत ही चाचणी असते, पण पॉझिटिव्ह आलं म्हणून दार आपोआप बंद होत नाही. आखाती देशांत मात्र नोकरीच्या व्हिसासाठी चाचणी सक्तीची आहे आणि पॉझिटिव्ह माणसाला तिथे राहू देत नाहीत. नियम बदलतात, म्हणून दूतावासाच्या अधिकृत माहितीवरच भरवसा ठेवा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको. पासपोर्टवर यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

बॅग भरताना एवढं कराच. किती महिन्यांच्या गोळ्या मिळतील हे एआरटी केंद्रात आधीच विचारा. त्या मूळ डब्यांत, हातातल्या बॅगेत ठेवा. सोबत औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेलं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं. तिकडच्या विम्यात आधीपासूनच्या आजाराचा खर्च बसतो का, ते वाचून पाहा. अमेरिकेतली विद्यापीठं गोवराची एमएमआर लस मागतात. ती जिवंत विषाणूची लस आहे, सीडी4 200 च्या खाली असेल तर देत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आई प्रेमाने कॅल्शियमच्या, लोहाच्या, पित्ताच्या गोळ्या देईल. त्यांनी या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून किती अंतर ठेवायचं तेही विचारून घ्या. आणि वेळेचं गणित मांडा. हुबळीतले रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच.

तो मुलगा गेला. तीन आठवड्यांच्या गोळ्या इथे घेऊन, तब्येत ठीक असल्याची खात्री करून गेला. सीडी4 फार कमी आला असता किंवा क्षयरोग निघाला असता, तर मीच त्याला एक सत्र थांब म्हटलं असतं. सहा महिने उशिरा मिळालेली पदवी तीच पदवी असते.

घरी सांगायचं का? सगळ्यांना सांगायची गरज नाही. पण एका तरी माणसाला सांगा. परक्या देशात रात्री दोन वाजता फोन करावासा वाटला, तर पलीकडे सगळं माहीत असलेलं कुणीतरी हवं. त्याने मोठ्या बहिणीला सांगितलं. आईला कधी सांगायचं, ते तो आणि ती ठरवतील. माझ्या तोंडून तिला कळणार नाही.

आईबाबांनो, आता तुमच्यासाठी. मुलाने सांगितलंच तर “कसं झालं, कुणामुळे झालं” हा प्रश्न पहिला विचारू नका. “गोळी सुरू केलीस का?” हा विचारा. त्याचं ताट-वाटी वेगळी करू नका. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच बाथरूम वापरल्याने हा विषाणू पसरत नाही. आणि ही गोष्ट काकू-मामींपर्यंत न्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

कुणालाच विचारायचं धाडस होत नसेल, तर 1097 हा सरकारी मदत क्रमांक आहे, तोही मोफत. फोन करताना नाव सांगावं लागत नाही.